बालवाडीतील काम : शिक्षण की वेठ?

मुलाला बालवाडीत घातले की संध्याकाळी घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "आज काय शिकवलं?" मुलाने 'ए फॉर अ‍ॅपल' म्हणून दाखवले किंवा पाटीवर दहापर्यंत आकडे गिरवून दाखवले की आईवडिलांना समाधान वाटते. परंतु "आज मी सगळ्यांना पाणी दिलं" किंवा "आज मी फरशी पुसली" असे उत्तर आले तर? बहुतेक घरी कपाळाला आठ्या पडतात. फी भरून फरशी पुसायला पाठवायचे काय, असे कोणालाही वाटेल.

आपल्या मंडळाच्या बालवाडीत गेल्या पावसाळ्यात नेमके हेच घडले. पालकसभेत जमाखर्च वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते. "केरसुण्या, लहान, सहा नग" ही बाब मी वाचली आणि एक पालक उठून उभे राहिले. म्हणाले, "ताई, पोराला आम्ही शिकायला धाडतो, केर काढायला नाही. आमच्या बापजाद्यांनी काढला तेवढा केर पुरे झाला." सभा एकदम शांत झाली. ताईंनी त्या वेळी वाद घातला नाही. "दादा, उद्या सकाळी तासभर येऊन बसा," एवढेच त्या म्हणाल्या. खरे सांगायचे तर ती बाब वाचताना मलाही थोडे अवघडल्यासारखे झाले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मीही जाऊन बसलो. तेथे जे पाहिले आणि त्यानंतर या विषयावर जे वाचले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या पालकांच्या म्हणण्याविषयी. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गावगाड्यात आपल्या समाजाच्या वाट्याला जे काम आले ते काम नव्हते, ती वेठ होती. कोणी हाक मारील तेव्हा उठायचे, सांगेल तेथे जायचे आणि मोबदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे घ्यायचे. ही गुलामगिरी कायद्याने मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. ही कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. कायदा झाला म्हणून सवय लगेच सुटत नाही. माझे वडील १९६० च्या दशकात तालुक्यातील एका शाळेत शिकले. वर्ग झाडणे आणि शनिवारी शेणाने सारवणे ही कामे आपल्या वस्तीतल्या मुलांकडे असत. त्यांनी सारवलेल्या वर्गात सगळे बसत. पाण्याच्या माठाला मात्र त्यांनी हात लावायचा नाही, वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळीने प्यायचे. वडील हे सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढत नसे, उलट अगदी खाली जात असे. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची जी आठवण लिहून ठेवली आहे ती अशीच आहे. बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपाई नळ सोडील तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

तेव्हा 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द कोणी उच्चारला की आपल्या लोकांचे कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. श्रम एकाचे आणि प्रतिष्ठा दुसऱ्याची असा आपला अनुभव आहे. प्रश्न असा की, म्हणून आपल्या मुलांच्या हातून काम काढूनच घ्यावे काय?

येथे थोडे दूर, इटलीत, जावे लागते. रोम शहरातील सॅन लोरेन्झो ही गरीब मजुरांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की मुले मोकळी सुटत, जिने आणि भिंती खराब करीत. घरे बांधणाऱ्या मंडळींना इमारतीची काळजी पडली. त्यांनी मुलांना एका खोलीत सांभाळण्याची व्यवस्था केली आणि ते काम डॉ. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंकडे सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते बालगृह सुरू झाले. आज ज्या नावाने शहरात भरमसाट फी घेणाऱ्या शाळा चालतात, त्या पद्धतीचा जन्म असा गरिबांच्या चाळीत झालेला आहे. तेथे बाईंच्या लक्षात आले की, चांगली खेळणी ठेवली तरी मुले ती बाजूला सारतात आणि खरे काम मिळाले तर त्यात रमतात. धूळ पुसणे, टेबल मांडणे, एकमेकांना वाढणे ही कामे तीन-चार वर्षांची मुले पुन्हा पुन्हा मागून घेत.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे हे दाखविले. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसे साफ करायचे, एवढेच. धडा संपला आणि मुलांनी चक्क टाळ्या वाजविल्या. का? तर गरिबाच्या मुलाला "शेंबडा" म्हणून हिणवणारे पुष्कळ भेटतात, परंतु नाक कसे पुसायचे ते आदराने दाखविणारा कोणी भेटत नाही. त्या टाळ्या त्या आदरासाठी होत्या. आपल्यापैकी ज्यांचे बालपण वस्तीत गेले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षे येथेच राहिल्या. परंतु त्याआधीच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण देशी रूपात आणले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी गावी गेल्या आणि त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्याच, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेली ही बाई पुढे हजारो मुलांची ताई झाली.

बोर्डीची एक गोष्ट आपण विसरता कामा नये. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुले तिच्याकडे येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. आज गावोगावी ज्या अंगणवाड्या आहेत, ज्यांची सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्यांचे नाव आपल्या वस्तीच्या अंगणातून आलेले आहे, हे किती जणांना ठाऊक असते? त्या अंगणात महागडी साधने नव्हती. बिया, पाने, फुले, खडे, शिंपले हीच साधने, आणि स्वच्छता हा रोजचा पाठ. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम चालले. जी मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा नेली, ती कुरणशाळा. मुलाच्या हातातले काम हा शाळेचा शत्रू नाही, हे या दोघींनी ओळखले होते.

आता आपल्या बालवाडीत त्या दिवशी काय पाहिले ते सांगतो.

लोणावळ्याचा पाऊस वाचकांना सांगायला नको. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि बावीस मुले ओल्या चपला, टपटपणाऱ्या छत्र्या, रेनकोट घेऊन आत आलेली. दारात पाण्याचे तळे. ताईंनी कोणाला काही सांगितले नाही. चार वर्षांची एक मुलगी खुंटीवरचे आपल्या हाताएवढे फडके घेऊन आली, गुडघ्यावर बसली, पाणी टिपले, लहान घमेल्यावर ते पिळले, पुन्हा टिपले. पाच-सहा वेळा असे केले. पिळताना तिची जीभ बाहेर आली होती. मग फडके झटकले, दोरीवर वाळत घातले आणि ती खेळायला गेली. कोणी "शाब्बास" म्हटले नाही. फरशी कोरडी झाली होती, मागून येणारा मुलगा घसरला नाही, हेच तिचे बक्षीस.

खरे काम म्हणजे काय, हे त्यावरून कळावे. जे केले नाही तर कोणाचे तरी अडेल ते खरे काम. बाहुलीचे स्वच्छ कपडे पुन्हा धुणे हा खेळ झाला. छापील चित्रात रंग भरणे हीही करमणूकच, कारण ते चित्र रंगविले नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. परंतु तांदळातले खडे वेचले नाहीत तर खिचडीत दाताखाली येतील. मावळ हा भाताचा मुलूख. आवणीच्या दिवसांत शेतावर भाकरी घेऊन जाणारी पोरे आपण पाहतो. त्या मुलाला काम ठाऊकच असते, फक्त शाळेत आल्यावर त्याला ते विसरायला लावले जाते.

त्या तासाभरात मी इतरही कामे पाहिली. दोघे जण सुपलीत तांदूळ घेऊन निवडत होते. एक जण बोथट सुरीने केळ्याचे काप करीत होता. एकाने हजर मुले मोजली आणि तेवढ्या वाट्या मांडल्या. एक वाटी कमी पडली तेव्हा तो पुन्हा मोजायला गेला, आणि स्वतःला मोजायचे राहिले होते हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो इतका हसला की सगळा वर्ग हसू लागला. हे गणित नव्हे काय? पाटीवर शंभरपर्यंत आकडे लिहिणाऱ्या मुलाला बावीस मुलांना बावीस वाट्या लागतात हे कळतेच असे नाही.

लिखाणाचेही तसेच. खडा वेचताना अंगठा आणि दोन बोटे जशी जुळतात तशीच ती पुढे पेन्सिल धरताना जुळतात. फडके पिळताना मनगट वळते, त्या वळणाशिवाय 'क' आणि 'ळ' नीट येत नाहीत. पाट पुसताना ताई डावीकडून उजवीकडे पुसून दाखवितात, कारण आपली लिपीही तशीच चालते. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल कोंबून त्याच्याकडून ओळी गिरवून घेणारे आईबाप हा क्रम उलटा करतात. आणि भाषा! निवडणे, पाखडणे, सोलणे, टिपणे, पिळणे, झटकणे, घडी घालणे. ही क्रियापदे मुलाच्या हातातून जिभेवर येतात. पाठ केलेल्या इंग्रजी फळांच्या यादीतून ती येणार नाहीत. (इंग्रजीला माझा विरोध नाही. माझी स्वतःची मुले इंग्रजी माध्यमातच शिकली, आणि घरी पाखडणे म्हणजे काय हे मला त्यांना चित्र काढून समजवावे लागले.)

हे करणे दिसते तितके सोपे मात्र नाही. मोठ्या माणसाची केरसुणी मुलाला दिली तर ती त्याच्या डोक्यावरून जाते, मग केर निघत नाही आणि मुलाला आपणच नालायक आहोत असे वाटते. म्हणून साधन खरे हवे, पण मापाचे हवे. कळशी नको, अर्धा भरलेला लहान तांब्या हवा. काम दाखविताना ताई बोलत नाहीत, सावकाश करून दाखवितात, कारण मूल एकाच वेळी ऐकणे आणि हाताकडे पाहणे या दोन गोष्टी करू शकत नाही. पाणी सांडले तर रागावत नाहीत, फडके कोठे आहे ते फक्त दाखवितात. सगळ्यांत कठीण नियम असा की, मुलाने केलेले काम त्याच्यासमोर पुन्हा करायचे नाही. पुसलेल्या जागी डाग राहिला तर राहू द्यायचा. आपण लगेच फडके फिरविले की मुलाला कळते, माझे काम खोटे होते. मदतनीस बाईंना हे पटायला सहा महिने लागले, असे ताईंनी हसत सांगितले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. केरसुणीचे काय?

आपल्या धम्मात याचे उत्तर आहे. राजगृहातील सुनीत हा भंगी. रस्ते झाडून, निर्माल्य गोळा करून पोट भरणारा. तथागत समोरून येताना पाहून तो भिंतीला चिकटून उभा राहिला. तथागतांनी त्याला "तुझे काम थोर आहे, तेच करीत राहा" असा उपदेश केला नाही. त्याला संघात घेतले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा मुद्दाम दिली आहे. परंतु त्याच संघात विहार झाडणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे, आसने झटकून ठेवणे ही भिक्खूंची कर्तव्ये म्हणून विनयात सांगितलेली आहेत, आणि ती सांगताना कोण कोणत्या कुळातून आला हे विचारलेले नाही. म्हणजे तथागतांनी सुनीताच्या एकट्याच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि ती सर्वांच्या हाती दिली. चूळपंथकाची कथाही विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला नवी गाथा दिली नाही, पांढरे वस्त्र हाती दिले आणि ते चोळीत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले तसे त्याला अनित्यता उमगली. पाठांतरात मागे पडणाऱ्या मुलाला हाताच्या कामातून ज्ञान देणारा याहून जुना दाखला मला माहीत नाही.

तेव्हा केरसुणीत दोष नाही, ती कोणाच्या हाती कायमची दिली जाते यात दोष आहे. आपल्या बालवाडीत भिंतीवर पाळीचा तक्ता आहे. प्रत्येक मुलाचे चित्र आणि त्यापुढे कामाचे चित्र, आणि दर सोमवारी काम बदलते. मुलगा-मुलगी भेद नाही. तक्त्यात ताईंचे चित्रही आहे आणि मंगळवारी वर्ग त्या झाडतात. शिक्षा म्हणून काम कधीही द्यायचे नाही, कारण एकदा दिले की ते काम कायमचे बाटले. नको वाटले तर मूल काम अर्धवट सोडून उठू शकते. बालमजुरीत आणि यात हाच फरक आहे. मजुरीत फळ दुसऱ्याचे असते आणि मुलाला थांबता येत नाही. वर्गाबाहेरचे, विहाराचे किंवा पदाधिकाऱ्यांचे कोणतेही काम मुलांना सांगायचे नाही, असा ठरावही मंडळाने केला आहे. तो आपण सर्वांनीच पाळायचा आहे. मागे एका कार्यक्रमात खुर्च्या पुसायला ही मुले बोलावली गेली होती, ते चुकले.

तक्त्यावरचे पहिले काम केराचे नाही, पाण्याचे आहे, आणि हे मला सर्वांत आवडले. ज्याची पाळी असेल तो माठातून ओगराळ्याने पाणी काढतो, पेले भरतो आणि प्रत्येकाच्या बस्करापाशी नेऊन देतो. आपल्या बालवाडीत सर्व समाजांची मुले आहेत, आणि सगळी एकमेकांच्या हातचे पाणी पितात. १९२७ साली चवदार तळ्यावर ज्या पाण्यासाठी आपली माणसे डोकी फोडून घेऊन आली, ते पाणी चार वर्षांचे पोर न सांडता वाढते. त्याला यातले काही ठाऊक नसते. मला ठाऊक होते, म्हणून त्याने मला पेला आणून दिला तेव्हा तो लगेच तोंडाला लावता आला नाही.

काम करणाऱ्याचे नाव भिंतीवर असावे, हीही आपल्या मावळातली जुनीच रीत आहे. कार्ल्याचे चैत्यगृह आपण सहलीला जाऊन पाहतो, पण तेथील शिलालेख वाचायला थांबत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ब्राह्मी लेखांत श्रेष्ठींची नावे आहेत तशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचीही नोंद आहे. त्याने दाराचे काम केले. चौथीच्या पुढील विद्यार्थ्यांना या वर्षी तो लेख दाखवून आणावा, अशी माझी सूचना आहे.

ते पालक त्या दिवशी तासभर बसले होते. जाताना म्हणाले, "पाणी द्यायला सांगा, तांदूळ निवडायला सांगा, माझी ना नाही. पण केरसुणी नको." ताईंनी ते मान्य केले. त्यांच्या मुलाच्या चित्रापुढे केरसुणीच्या आठवड्यात कुंड्यांना पाणी घालण्याचे काम येते. काही सभासदांना ही सवलत चुकीची वाटली. एकाला सूट दिली तर तक्ता मोडेल, असे ते म्हणाले. मला ती योग्य वाटते. ज्याच्या घरात केरसुणीची आठवण अजून ओली आहे, त्याला आपण एका तासात पटवावे हा आग्रह धरू नये. मुलाने मात्र घरी जाऊन स्वतःच्या जेवणाचे ताट उचलायला सुरुवात केली आहे, आणि "बाबा, तुमचंही उचला" असे तो सांगतो, हे त्या पालकांनीच मला बँकेच्या काउंटरवर सांगितले.

जूनपासून मुलांची संख्या वाढणार आहे. साधने थोडी आहेत. लहान सुपल्या चार, लहान तांबे सहा आणि दोन ओगराळी विकत घ्यावी लागतील, त्यासाठी सभासदांनी यथाशक्ती मदत करावी. फडक्यांना खर्च नाही. घरातील जुनी लुगडी, धोतरे, बनियन धुऊन, वीतभर चौकोन कापून, कडेला टाका घालून आणून द्यावेत. कापड सुतीच असावे. टेरिकॉट पाणी पीत नाही, आणि मूल कितीही पुसत बसले तरी फरशी ओलीच राहते.